आधी ओटी, मग काटा

चांगदेव घरत यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही बाईला तिचं वजन विचारलं नव्हतं. तसं पाहिलं तर त्यांनी बायकांना फारसं काहीच विचारलं नव्हतं. रेवदंड्याच्या शाळेच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे "पुस्तक आणलंत का?" एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावा लागे, आणि तोही ते टेबलाकडे बघून विचारत. शाळेत होते म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे. आपण शिकवत नव्हतो, असं त्यांनी सुरुवातीला दोघातिघांना सांगून पाहिलं होतं. पण त्यावर "मास्तर फार साधे हो" असं कौतुक झाल्यामुळे त्यांनी तो नाद सोडला.

अशा माणसाला उतारवयात विमानतळावर उभं राहून बायकांची वजनं घ्यायचं काम मिळालं.

विमानतळ हा शब्द जरा मोठाच झाला. काशीदच्या पुढच्या माळावर एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, एक चहाची टपरी आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून घातलेलं तारेचं कुंपण, एवढंच ते होतं. गुरं आत येत नसत. ती कुंपणाला अंग घाशीत बाहेर उभी राहत, त्यामुळे कुंपण बांधणाऱ्याचा आणि गुरांचा दोघांचाही हेतू साधला होता. इथून एका खाजगी कंपनीचं नऊ जणांचं छोटं विमान पुण्याला जाणार होतं. अजून गेलं नव्हतं. मुंबईहून आलेली विनिता नावाची तरुण मुलगी तिथली व्यवस्थापक होती. सामान चढवायला तिने आगरदांड्याच्या जेट्टीवरचा मोरू घेतला, कारण होड्या भरण्यात त्याची हयात गेली होती. प्रवाशांशी बोलायला मात्र तिला कुणीतरी वयस्क, सभ्य, ज्याचा कुणाला राग येत नाही असा माणूस हवा होता. गावाने एकमुखाने चांगदेवांकडे बोट दाखवलं. आपला कुणाला राग येत नाही याचं कारण आपल्याकडे कुणाचं लक्षच नसतं, अशी चांगदेवांना शंका होती. पण ती त्यांनी विनिताला बोलून दाखवली नाही.

एरवी त्यांनी हे काम घेतलंच नसतं. घेतलं ते नलूताईंसाठी.

त्यांच्या बायकोला, म्हणजे नलूताईंना, गाडी लागायची. नुसती नव्हे, जबरदस्त लागायची. रेवदंड्याहून अलिबागला जातानासुद्धा त्या डोळे मिटून, पदर तोंडावर धरून, देवाचं नाव घेत बसत. घाट तर लांबच राहिला. राही ही त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली त्याला तीन वर्षं झाली, पण मधे बोरघाट असल्यामुळे नलूताईंनी लेकीचं घर अजून पाहिलं नव्हतं. चांगदेव चारदा एकटे जाऊन आले होते. प्रत्येक वेळी परत आल्यावर त्यांची उलटतपासणी होई.

"ओटा खिडकीकडे आहे की भिंतीकडे?"

"भिंत आहे... म्हणजे खिडकी भिंतीतच आहे ना."

"देव्हारा कुठे ठेवलाय तिने?"

"आत."

"पुस्तकांचं कपाट कुठे आहे ते बरोबर सांगाल," असं म्हणून नलूताई आत निघून जात.

आता राहीला सातवा महिना लागला होता. रविवारी संध्याकाळी डोहाळजेवण, आणि माळावरून पहिलं विमान रविवारी सकाळी. "विमानाला घाट नसतो," असं जाहीर करून नलूताईंनी दोघांची तिकिटं काढायला लावली. अडचण एवढीच होती, की त्या दिवशी वरच्या कार्यालयाचे एक साहेब जमिनीवरची सगळी व्यवस्था पाहायला येणार होते. त्यांना ती पसंत पडली तरच विमान उडणार. नाही पडली तर पुढची तारीख कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि राहीचा सातवा महिना साहेबांसाठी थांबणार नव्हता.

म्हणून चांगदेवांनी विनिताकडून विमानतळाच्या कामकाजावरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि शिसपेन्सिलीने खुणा करत वाचून काढलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. मोठ्या विमानात माणसांच्या वजनाचा अंदाज चालतो, छोट्यात चालत नाही. प्रत्येकाचं खरं वजन माहीत पाहिजे, आणि ते विमानात कुठे बसतंय हेही माहीत पाहिजे.

"फोनवर विचारून घेऊया का, काका?" विनिता म्हणाली.

तसे फोन झाले. सगळ्या बायांनी पंचावन्न सांगितलं. किराणा दुकानदार मितेशभाई शहांच्या हेमालीबेनने पंचावन्न सांगितलं, तेव्हा चांगदेव फोनकडे बघतच राहिले. हेमालीबेन दुकानात गल्ल्यावर बसल्या की मागचं गव्हाच्या पिठाचं अर्धं फडताळ दिसेनासं होई.

"काटा लागेल," विनिता म्हणाली.

ही बातमी गावात पसरल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. कुणी म्हणालं, वजनाच्या ऐवजी कंबरेचं माप घ्या. कुणी म्हणालं, ते तर त्याहून वाईट. शेजारच्या मैनावहिनींनी सुचवलं, की नवऱ्यांना विचारा. नवऱ्यांनी ताबडतोब सुचवलं, की नवऱ्यांना विचारू नका. मासळी विकणाऱ्या ठमाबाई नातवाला भेटायला त्याच विमानाने निघाल्या होत्या. त्यांनी भर बाजारात चांगदेवांना गाठलं.

"मास्तर, माजं वजन तुला कनाला पायजे रं? मना काय इकायला काढलंस काय?"

सगळा बाजार हसला. चांगदेव कान लाल करून घरी आले आणि न जेवता पुस्तक उघडून बसले. "प्रवाशांच्या खाजगीपणाचा मान राखावा," असं त्यात लिहिलं होतं. कसा राखावा, ते लिहिलं नव्हतं.

कंपनीचा काटा मुंबईहून निघाला होता, पण वाटेत कुठे राहिला त्याचा पत्ता लागेना. अखेर मितेशभाई मदतीला धावले. "टेन्शन कशाला घेता, मास्तर? आपल्या दुकानातला मोठा काटा नेऊ ने. तांदळाची गोणी तोलते, तर माणूस नाही तोलणार?" काटा चांगला होता. फक्त त्याच्याबरोबर मितेशभाई स्वतःही आले, आणि ते पुस्तकात धरलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडसमोर मांडव घातला होता. मांडवात साहेब गुलाबाचा गुच्छ मांडीवर घेऊन बसले होते. शेडमध्ये काटा मांडला होता. चांगदेवांनी रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. काट्याची तबकडी भिंतीकडे वळवायची, आपण भिंत आणि काटा यांच्या मधे उभं राहायचं, आकडा मनात वाचायचा आणि विनिताच्या कानात सांगायचा. कुणाला कळणार नाही, कुणाचा मान जाणार नाही.

पहिल्या हेमालीबेन चढल्या. चांगदेव आकडा वाचायला खाली वाकले. पण तांदूळ तोलण्यात जन्म गेलेले मितेशभाई मागच्या बाजूने कधी डोकावले ते त्यांना दिसलं नाही. दुकानात पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही पिढ्यानपिढ्यांची सवय.

"लाभ!" मितेशभाई खणखणीत आवाजात ओरडले. "एक्याऐंशी आणि वर पाव!"

मांडवातली माणसं वळून बघू लागली. साहेबही बघू लागले. हेमालीबेनने नवऱ्याकडे जी नजर टाकली, तिचं वजन मात्र कुठल्याच काट्यावर झालं नसतं.

त्यानंतर मितेशभाईंना चहाच्या टपरीवर पाठवण्यात आलं आणि काम सुरळीत चाललं. ठमाबाई काट्यावर चढल्या आणि चांगदेवांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "मोट्यानी सांग. मी काय कुनाला घाबरतंय न्हाय." नलूताई पिशवीसकट चढल्या आणि त्यांनी आकडा विचारला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने कधी विचारलं नाही, तर आपण का विचारायचं, असा त्यांचा चेहरा होता. शेवटी चांगदेव स्वतः चढले. बावन्न. आठही प्रवाशांची बेरीज करून विनिताने मान डोलावली. सगळं बसत होतं, वर थोडी जागाही उरत होती. साहेबांनी आपल्या कागदावर बरोबरची खूण केली. चांगदेवांना एकदम वाटलं, की आपण एक काम नीट केलं. असं वाटण्याची त्यांना सवय नसल्यामुळे ते जरा घाबरलेच.

घाबरण्यासारखं होतंच. शेडमधून विमानाकडे जाण्याची वाट कुंपणाच्या कडेने होती, आणि कुंपणापाशी निरोप द्यायला आसपासची गावं लोटली होती.

इकडे माणूस परगावी निघाला की त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. सवाष्णीची तर ओटी भरायचीच. विमानाने जायचं म्हणजे ओटीही तशीच हवी, असं ठरवून लोक तयारीने आले होते. तारेवरून हात आत येऊ लागले. तांदूळ, खण, नारळ. एका नारळाने भागेना, म्हणून जोडी. वालाची पुरचुंडी. पांढऱ्या कांद्याच्या माळा. पुण्यात असला कांदा मिळत नाही म्हणून आणखी दोन माळा. ठमाबाईंच्या घरच्यांनी तर सुकटीची गोणीच कुंपणावरून आत सोडली. मैनावहिनींनी नलूताईंची दुसरी पिशवी पुढे केली. ही पिशवी नलूताईंनी काट्याच्या आधीच त्यांच्याकडे ठेवायला दिली होती, हे चांगदेवांच्या आत्ता ध्यानात आलं.

"नलू, वजन झालंय आपलं," ते कुजबुजले.

"वजन झालंय. ओटी कुठे झालीय?"

अर्धी भरलेली ओटी थांबवावी कशी, हे त्या जाड पुस्तकात नव्हतं. परिशिष्टातही नव्हतं. चांगदेवांनी दोनदा हात वर केला आणि दोनदा कुणीतरी त्या हातात नारळ ठेवला.

इकडे विमानाजवळ मोरू सामान चढवत होता. मोरू मनापासून काम करणारा माणूस. होडीत जड माल मागे टाकायचा, म्हणजे पुढची नाळ, होडीचं नाक, हलकी राहून लाटेवर चढते, हे तो लहानपणापासून करत आला होता. विमानालाही वरच जायचं होतं. तेव्हा त्याने नारळ मागे टाकले, गोणी मागे टाकली, पिशव्या मागे टाकल्या. कांद्याच्या माळांना ऊन लागू नये म्हणून त्याने त्या शेपटाखालच्या सावलीत रचून ठेवल्या.

अशा वेळी विमान मागे कलू नये म्हणून शेपटाखाली लोखंडी टेकू लावतात. तो टेकू या विमानतळावर होता. चांगदेवांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण पहाटे मांडव घालताना मांडववाल्याला एक खांब कमी पडला, आणि माळावर तेवढा एकच सरळ, मजबूत, उभा करण्याजोगा खांब दिसत होता. सध्या तो साहेबांच्या डोक्यावरचं कापड पेलून उभा होता.

नलूताई आत जाऊन बसल्या. ठमाबाई चढल्या आणि मागच्या सीटकडे निघाल्या. त्याच वेळी विमानाचं पुढचं चाक जमिनीवरून अलगद उचललं गेलं. फार आवाज झाला नाही. म्हैस दमून खाली बसते तसं ते विमान सावकाश, समजुतीने मागे बसलं आणि शेपूट कांद्यांच्या ढिगावर टेकलं. नाक आभाळाकडे. आतून आठ-दहा नारळ गडगडत मागे गेल्याचा आवाज तेवढा आला.

मोरूने कमरेवर हात ठेवून विमानाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाला, "नाळ वर आली. आता सुटायला हरकत न्हाय."

"टेकू!" विनिता ओरडली. "टेकू आणा!"

मांडववाल्याचे दोघे धावले. टेकू कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. तो काढल्यावर काय होईल याचा विचार करायला कुणी सांगितलं नव्हतं. विमानाखाली टेकू आला आणि साहेबांवर मांडव आला. कापडाखालून बराच वेळ एक उंचवटा इकडून तिकडे फिरत होता. त्यातून प्रथम गुलाबाचा गुच्छ बाहेर आला, मग साहेब.

विमान सरळ झालं. यंत्रज्ञाने शेपटाखाली जाऊन, झोपून, ठोकून, बॅटरी मारून पाहिलं. ओरखडा नव्हता. कांद्याचा वास मात्र होता. वैमानिक खाली उतरून म्हणाला, की विमान ठीक आहे, पण हे सामान नाही. आणि केसांत झेंडूची पाकळी अडकलेले साहेब म्हणाले, "मोजल्याशिवाय आत गेलेली एकूण एक वस्तू खाली आली पाहिजे. नाहीतर आज उड्डाण रद्द."

विनिताचा चेहरा उतरला. तिने दाराशी उभं राहून प्रवाशांना विनंती केली. कुणी हललं नाही.

"पदरात पडलेली ओटी परत देतात का कुठे?" हेमालीबेन म्हणाल्या.

"सुकट हाय म्हून नातू मना दारात घेईल," ठमाबाई म्हणाल्या. "न्हाय तं म्हातारीला कोन इचारतंय?"

गावाला येऊन पुण्याला परत निघालेले दोन पाहुणे आपले कांदे पोटाशी धरून खिडकीबाहेर बघू लागले. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी कंपनीला नावं ठेवली, कुणी मोरूला, कुणी मितेशभाईंच्या काट्याला. चांगदेव पायरीवर उभे होते. आतल्या त्या कलकलाटात त्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप निघून गेलं.

"शांतता राखा."

आणि शांतता झाली. चांगदेवांइतकं आश्चर्य दुसऱ्या कुणालाही वाटलं नसेल. आता पुढे काहीतरी बोलणं भाग होतं. ते घाईघाईने नलूताईंकडे वळले.

"नलू, ती दुसरी पिशवी दे. तू आधी दिलीस की बाकीचे देतील."

नलूताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. तिच्यात तळलेल्या करंज्या होत्या, हिरवी साडी होती, आजीच्या चांदीच्या वाट्या होत्या. "पहिल्यांदा लेकीच्या घरी चालले आहे मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रिकाम्या हाताने नाही जाणार. मी उतरते. तुम्ही जाऊन या. तुम्हाला काय, सवय आहे."

त्या खरंच उठू लागल्या. तीन वर्षं ज्या दाराकडे डोळे लावले होते, त्या दाराकडे पाठ करून त्या पिशवी सावरत उठल्या. आणि चांगदेवांनी, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, बायकोच्या खांद्यावर चारचौघांत हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू बैस. मी उतरतो. मी एसटीने येतो, आणि सगळ्यांचं जे उरेल ते घेऊन येतो. ज्याची ओटी त्याच्या दारात. माझ्यावर सोडा."

आता मास्तरांवर कुणाचा राग नव्हता तसा अविश्वासही नव्हता. पटापट माना हलल्या. मोरूने सगळं सामान खाली काढलं. विनिताने हिशेब केला आणि म्हणाली, "काका, तुम्ही उतरलात तर तुमच्या वजनाइतकं सामान विमानात जाऊ शकतं. अगदी साहेबांच्या परवानगीने."

हे तिने मोठ्याने म्हणायला नको होतं. मितेशभाई टपरीवरून काटा घ्यायला धावत आले, आणि त्या माळावर, भर सकाळी, बावन्न किलो चांगदेव घरत यांची वाटणी सुरू झाली.

"मास्तरांचा एक पाय तरी माज्या सुकटीला पायजे," ठमाबाई म्हणाल्या.

"मला एक हात पुरे, खांद्यापर्यंत," हेमालीबेन म्हणाल्या. "नारळ चारच आहेत."

"पण आधी नलूताईंची पिशवी," विनिता म्हणाली, आणि त्यावर कुणी तक्रार केली नाही.

आपण एवढ्या लोकांच्या उपयोगी पडू, असं चांगदेवांना कधी वाटलं नव्हतं. पण असे किलोकिलोने पडू, असंही वाटलं नव्हतं. ते बाजूला उभे राहून चष्मा पुसत राहिले. शेवटी काट्यावर ते पूर्ण संपले. उरलेल्या गोण्या आणि माळा त्यांच्या पायाशी रचल्या गेल्या. विमान धावपट्टीवर धावलं आणि ठरल्या जागी, ठरल्यासारखं वर गेलं. नलूताई खिडकीत होत्या. डोळे उघडे होते.

साहेब केस झटकत शेजारी येऊन उभे राहिले. "तुमच्या व्यवस्थेत एकच दोष आहे, मास्तर."

"एकच?" चांगदेवांनी चकित होऊन विचारलं.

"काटा शेडमध्ये नको. कुंपणाकडेची वाट संपते तिथे, विमानाच्या दाराशी ठेवा. आधी ओटी, मग काटा. तसं लिहून देतो मी." एवढं बोलून त्यांनी पायाशी पडलेली कांद्याची एक माळ सहज उचलली. चांगदेवांनी ती सौम्यपणे परत घेतली. ती ज्यांची होती ते पाहुणे कोथरूडला राहत होते.

मोरूने ते सगळं ओझं टेम्पोने अलिबागला पोचवलं. एसटीत कंडक्टरने त्या सामानाकडे बघून लग्न कुणाकडे आहे ते विचारलं. पुण्यात रिक्षाने दारोदार हिंडून, सुकट पोचवून, नारळ पोचवून, कुणाकुणाच्या जिन्यात थांबून पाणी पिऊन, चांगदेव राहीच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगाला कांद्याचा आणि सुकटीचा मिळून असा वास येत होता, की लिफ्टमधले लोक पहिल्याच मजल्यावर उतरून गेले.

दार नलूताईंनी उघडलं. साडी बदललेली, केसांत गजरा, चेहरा कधी नव्हे इतका ताजा. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चपला बाहेर नका ठेवू. इथे आतल्या कप्प्यात ठेवतात," त्या म्हणाल्या. "आणि आधी हात-पाय धुवा. या, दाखवते. मोरी इकडे, डाव्या हाताला. जपून, उंबरा आहे. हे स्वयंपाकघर. ओटा बघा कसा खिडकीकडे आहे, उजेड छान येतो. देव्हारा पूर्वेला. ही बाल्कनी, इथून टेकडी दिसते."

चांगदेव या घरी पाचव्यांदा आले होते. उंबऱ्याला ते पहिल्याच खेपेला अडखळले होते, आणि त्या बाल्कनीत बसून त्यांनी एक अख्खी कादंबरी वाचली होती.

"हो का?" ते म्हणाले, आणि बायकोच्या मागोमाग एक एक खोली बघत निघाले. "आणि ही खोली कसली?"